कडू जेवणाचा टोप

बुधाजी : फोडनी न्हाय द्यायची. नुस्तं वरन, नुस्ता भात. तेवढं मला म्हाईत हाय. पानी किती ते म्हाईत न्हाय.

कल्पिता : बाबा, गॅस बंद करा. तुमचं ताट मी केव्हाच झाकून ठेवलंय. हे कोणासाठी शिजवताय?

बुधाजी : तुला म्हाईत हाय कोनासाठी.

कल्पिता : मला माहीत नाही. तुम्ही सांगूही नका. ह्यांचा फोन आला तर मला खोटं बोलता येत नाही.

बुधाजी : मंग नको बोलूस खोटं. दिपेशला सांग, तुझ्या बापानं शेजाऱ्याच्या घरासाठी तांदूळ वैरलेत. कमरू गेला. त्याच्या घरात आज चूल न्हाय पेटायची.

कल्पिता : हळू बोला. खिडकी उघडी आहे.

बुधाजी : कोन ऐकतंय?

कल्पिता : पारावर पोरं बसलीत. निकेश, स्वराज, सगळी. सकाळी मशिदीच्या भोंग्यावर कमरूचाचांचं सांगितलं, तेव्हापासून बसलीत. एरवी ह्या वेळेला कोणी नसतं तिथे. कोण त्या घरात जातंय ते बघतायत.

बुधाजी : बघू देत.

कल्पिता : बघू देत म्हणता, आणि इकडे बघा. वरण सांडतंय.

बुधाजी : तुझ्या सासूनं कवा मला इथं उभं ऱ्हाऊ दिलं न्हाय. सवय न्हाय म्हनून सांडतं.

कल्पिता : मी भ्यालेय, बाबा. तुम्ही नाही म्हणालात तरी तुम्हीपण भ्यालात. गावकीत काय ठरलं ते तुम्हीच मला नंतर सांगितलं होतं. मी तर तेव्हा माहेरी होते, पनवेलला.

बुधाजी : ठरलं ते ठरलं.

कल्पिता : काय ठरलं ते परत सांगा. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

बुधाजी : पालखी मशिदीपुढं गेली, वाजवायचं का न्हाय त्याच्यावरून जुंपली. नारळ घेतलेला हात एकाच्या डोक्यात बसला. मंग गावकी बसली. मोहल्ल्याशी देनं-घेनं बंद. कमरूच्या गिरनीत भात घेऊन जायचा न्हाय. जो जाईल तो वाळीत.

कल्पिता : आणि?

बुधाजी : आनि त्याच्या घरात मयत झालं तर खांदा द्यायला कोनी यायचं न्हाय.

कल्पिता : आणि हात वर कोणी केला?

बुधाजी : सगळ्यांनी केला.

कल्पिता : तुम्ही?

बुधाजी : सगळ्यांत मी आलोच ना. एकटा खाली हात ठेवून बसनार होतो काय? गावकीचा पुढारी सदा माझ्या शेजारी बसलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वर केला.

कल्पिता : मग आता हे कशाला? ह्यांचे दोन डंपर आहेत, दोन्हीचे ड्रायव्हर गावातले. उद्या ते आले नाहीत तर हप्ते कसे जायचे? रंगूकाकींना वाळीत टाकलं, त्यांच्या घरचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय आपण. हळदीला मांडवात फक्त घरचे. मी दुरून बघितलं, त्या बिचाऱ्या स्वतःच ढोल वाजवणाऱ्याला पाणी देत होत्या.

बुधाजी : झाकन दे.

कल्पिता : बाबा.

बुधाजी : झाकन दे, वाफ जाते.

कल्पिता : घ्या.

बुधाजी : तुझी सासू, कृष्णा, गेली त्या दिवशी कमरू कसा आला, बघितलंस ना तू?

कल्पिता : बघितलं.

बुधाजी : अंगनात समदी गावकी बसलेली. हात वर करनारे समदे. आनि तो डोक्यावर टोप घेऊन पुढच्या फाटकातनं आत. सत्तरीचा मानूस, घामानं टोपी भिजलेली. कोनी त्याला ये म्हनालं न्हाय, कोनी जा म्हनालं न्हाय. त्यानं टोप ओट्यावर ठेवला, माझ्यापुढं बसला, आनि म्हनाला, बुधा, दोन घास खा. कडू असतात, पन खायचे असतात.

कल्पिता : तुम्ही खाल्लेत.

बुधाजी : खाल्ले. खिचडी होती. फोडनी न्हाय, कांदा न्हाय. कमरूच्या बायकोनं, हाजराभाभीनं, तो पितळी टोप आपल्या घरासाठी वेगळा ठेवलाय, म्हाईत हाय तुला? माझी आई होती तवापासून. त्यात मटन कवा शिजलं न्हाय. आईला चालायचं न्हाय ना त्यांच्या भांड्यातलं. तर भाभी म्हनाली, हा टोप तुमचा, फक्त ठेवायचा माझ्याकडं. आपली एकवीरा वेगळी, त्यांचा अल्ला वेगळा. पन मयताच्या घरची चूल दोन्हीकडं विझतेच, आनि शेजाऱ्यानंच जेवन न्यायचं असतं. हे कोनी ठरवलं, कवा ठरवलं, ते मला म्हाईत न्हाय. गावकीच्या आधीचं हाय एवढं खरं.

कल्पिता : मला कळतंय. पण तुम्ही नका जाऊ. रात्री ह्यांना सांगते, ते काहीतरी करतील, कोणाच्या तरी हातून पाठवतील.

बुधाजी : दिपेश?

कल्पिता : हो.

बुधाजी : दिपेश काय करनार ते मला म्हाईत हाय. वरच्या फळीवरचा तो टोप काढ.

कल्पिता : कोणता?

बुधाजी : कोनता काय? भाभीचा. पालथा ठेवलाय मी. मला बघायचाय.

कल्पिता : आता कशाला बघायचाय? भात उतू जाईल.

बुधाजी : कृष्णाचं दिवस झाल्यावर कमरू तो न्यायला यायचा होता. आला न्हाय. मी वाट बघत ऱ्हायलो. आता कोन येनार? काढ तो, नजरेला पडू दे एकदा.

कल्पिता : बाबा, गॅस कमी करू का?

बुधाजी : कल्पिता. टोप कुठं हाय?

कल्पिता : मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

बुधाजी : काय म्हाईत हाय?

कल्पिता : परत दिला.

बुधाजी : कोनी?

कल्पिता : ह्यांना कोणीतरी पारावर विचारलं, अजून त्यांचं भांडं घरात ठेवलंयस का रे? ते चिडून आले आणि म्हणाले, आजच्या आज देऊन टाक. तुम्ही रेवदंड्याला गेला होतात, डोळे तपासायला. मी टोप चिंचेनं घासला, लख्ख केला, आणि दुपारी मागच्या वाटेनं जाऊन त्यांच्या पायरीवर ठेवला. दार वाजवलं नाही. कोणी बघितलं नाही मला.

बुधाजी : आपल्या हातानं नेऊन दिलास?

कल्पिता : मग काय करायचं होतं? आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं ठेवून घेत नाहीत. घासून देतात. आणि रिकामं देत नाहीत, म्हणून मी त्यात मूठभर साखर घातली. चांगलंच केलं ना?

बुधाजी : कवा?

कल्पिता : काय?

बुधाजी : कवा ठेवलास?

कल्पिता : मागच्या आठवड्यात.

बुधाजी : मागच्या आठवड्यात टोप गेला, आनि आज पहाटे कमरू गेला.

कल्पिता : असं का बोलताय?

बुधाजी : कडू जेवनाचं भांडं घरच्यानं परत द्यायचं नसतं, पोरी. ज्यानं आनलं त्यानं न्यायचं. दुःख त्यातनं आलेलं असतं, ते आपल्या घरात जिरेस्तवर भांडं पालथं ठेवायचं. आपन नेऊन दिलं म्हंजे मयत परत दिलं. त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवलं.

कल्पिता : मला कोणी सांगितलं नाही.

बुधाजी : सांगनारी गेली.

कल्पिता : भांड्यानं माणूस मरत नाही, बाबा. चाचांना हार्टचा त्रास होता. गेल्या वर्षी अलिबागला दोनदा ऍडमिट होते. रिकाम्या गिरणीचं दार रोज उघडून बसायचे, मोटर पुसायचे, एक माणूस यायचा नाही. त्यानं गेले ते.

बुधाजी : व्हय. त्यानंच गेला असंल.

कल्पिता : मग असं बघू नका माझ्याकडे.

बुधाजी : तुझ्याकडं न्हाय बघत. माझ्या हाताकडं बघतोय. हा वर केला म्हनून गिरनी बंद पडली, आनि वर केला म्हनून टोप गेला. तू काय, तू नुस्ती चाललीस तिथपर्यंत.

कल्पिता : मीपण सकाळपासून तोच विचार करतेय. भोंग्यावर नाव ऐकलं तेव्हापासून. मला नियम माहीत नव्हता, तरी वाटलं, काहीतरी चुकलंय माझ्याकडून. साखर कशाला घातली मी? मयताच्या भांड्यात साखर घालतं का कोणी?

बुधाजी : गप. ऐक. काय ते?

कल्पिता : चाचांना घेऊन चाललेत. दुपारची नमाज झाली वाटतं.

बुधाजी : सरक. बघू दे.

कल्पिता : खिडकीत उभे राहू नका, पारावरून दिसतं. बाबा, मागे या. पडद्याच्या मागून बघा हवं तर.

बुधाजी : आपल्या दारावरनंच चाललाय.

कल्पिता : रस्ता तोच आहे.

बुधाजी : मुद्दाम हळू चाललीत का गं?

कल्पिता : नाही. माणसं कमी आहेत, म्हणून हळू चालतायत. सारखे खांदे बदलतायत.

बुधाजी : कृष्णाला ह्यानं खांदा दिलेला. फाटकापासून वळनापर्यंत. मंग सदानं त्याला बाजूला केला.

कल्पिता : गेले आता. वळले. पाणी प्या.

बुधाजी : भात बघ.

कल्पिता : लागलाय खाली. वरचा चांगला आहे. द्या, मी काढते. कशात घालू?

बुधाजी : तिच्या पातेल्यात. मोठं, कडीचं.

कल्पिता : त्याच्यावर आईंचं नाव घातलंय. दुसऱ्यात घेऊ. कोणाच्या हातात पडलं तर लगेच कळेल कुठून आलं.

बुधाजी : दुसरं लहान पडंल. आनि कळंल तर कळू दे त्या घरात. बाहेर कळायला नको, एवढं मला बी वाटतं. वरनं फडकं बांध.

कल्पिता : फोन वाजतोय.

बुधाजी : दिपेश?

कल्पिता : हो. काय करू?

बुधाजी : घे.

कल्पिता : हॅलो. हो, जेवले. नाही, घरीच आहेत. आडवे झालेत, डोकं दुखतंय म्हणाले. नाही ओ, खिडकीत कोणी नव्हतं, मी पडदा ओढत होते. हो. दार लावून घेते. ठेवा.

बुधाजी : खोटं बोलता येत न्हाय म्हनालीस.

कल्पिता : कोणीतरी ह्यांना फोन केलाय. तुम्ही खिडकीत दिसलात म्हणून. एवढ्यात. अजून जनाजा कबरस्तानात पोचला नसेल.

बुधाजी : मंग आता जातो. पोरं आता तिकडं बघत असतील, मोठ्या रस्त्याला. मी वाडीतनं जातो, सुपारीच्या मागनं.

कल्पिता : एकटे नाही जायचं. पातेलं जड आहे. मी धरते एक बाजू.

बुधाजी : तू घरात ऱ्हा. दोघं दिसलो तर दोघं वाळीत जाऊ.

कल्पिता : टोप मी ठेवला त्या पायरीवर. मला त्यांना सांगायचंय.

बुधाजी : तू काय बी सांगायचं न्हाय. तिथं मी बोलनार. तू फक्त धर.

(हाजराच्या घराचं मागचं दार. दुपार. दार बंद.)

बुधाजी : भाभी.

हाजरा : कोण हाय? मागच्या दाराला कोण हाय? घरात माणसं हायेत, सांगून ठेवते.

बुधाजी : मी हाय. बुधा.

हाजरा : कोण बुधा?

बुधाजी : शेजारचा. कृष्णाचा.

हाजरा : आवाज ओळखू येत न्हाय तुमचा.

बुधाजी : भ्यालोय, भाभी. म्हनून.

हाजरा : थांबा. कडी काढते. माणसं हायेत म्हणाले ते खोटं होतं. पुरुष सगळे दफनाला गेलेत, पुढं बायका कुराण पढतायत. दार ढकला, पण आत नका येऊ. मी दाराच्या मागं बसलेय. मला इद्दत लागली. आता कुणा पुरुषासमोर यायचं न्हाय.

बुधाजी : म्हाईत हाय. बसा तुम्ही. मी इथंच पायरीवर बसतो.

हाजरा : सोबत कोण हाय? बांगडी वाजली.

बुधाजी : सून. कल्पिता.

हाजरा : सून पण आली. कुणी बघितलं?

बुधाजी : न्हाय. वाडीतनं आलो.

हाजरा : चाळीस वर्षं झाली मला ह्या घरात येऊन. माझ्या मागच्या दाराला तुम्ही आज पहिल्यांदा आलात.

बुधाजी : व्हय.

हाजरा : मय्यत तुमच्या दारावरनं नेली. दुसरा रस्ता लांबचा पडतो. मी जाळीतनं बघत होते, तुमचं दार उघडतं का.

बुधाजी : खिडकीतनं बघितलं मी.

हाजरा : पडदा हलला ते दिसलं. मी म्हटलं, वाऱ्यानं असेल.

बुधाजी : भाभी, मला एक सांगायचंय. मंग तुम्ही जेवन घ्या न्हायतर नका घेऊ. तुमचा टोप मी परत दिला. मला नियम म्हाईत होता, तरी दिला. गावकीला भ्यालो. तुमच्या पायरीवर माझ्या घरचं मयत आनून ठेवलं मी. तेच आज...

हाजरा : तुम्ही न्हाय दिला.

बुधाजी : मीच दिला.

हाजरा : बुधाभाऊ, जाळी माझ्या डोळ्यासमोर हाय दिवसभर. हिरवी साडी होती. पायरीवर टोप ठेवला, पदरानं वरची धूळ पुसली, आणि पळाली. तुम्ही साडी नेसता काय?

कल्पिता : मी ठेवला, चाची. मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घासून देतात. खरंच ठाऊक नव्हतं मला.

हाजरा : तू पनवेलकडची ना?

कल्पिता : हो.

हाजरा : मग तुला कोण सांगणार? सांगणारी गेली.

कल्पिता : बाबापण असंच म्हणाले.

हाजरा : खोटं कशाला बोलू आज. टोप बघून मी दारातच थांबले. आमच्यात पण तेच हाय, कडव्या जेवणाचं भांडं आपण होऊन यायला न्हाय पाहिजे. मी तो उचलला न्हाय. अर्धी दुपार तिथंच होता. मला वाटलं, हात लावीन तर काहीतरी होईल. आणि पहाटे हे गेले तेव्हा सगळ्यात आधी टोपच आठवला मला. रडायच्या आधी.

बुधाजी : मंग तुम्हाला बी वाटतंय.

हाजरा : सकाळी वाटलं. आता ह्यांचं बोलणं आठवतं, मग न्हाय वाटत. परत थोडं वाटतं. असं चाललंय.

बुधाजी : काय म्हनाला कमरू?

हाजरा : गिरणीतनं आले, पायरीवरचा टोप उचलला, आत बघितलं. मी म्हटलं, ठेवा, ठेवा खाली. ते हसले. म्हणाले, साखर हाय गं आत. साखर घातलीय म्हणजे राग न्हाय. चहा टाक. त्या साखरेचा चहा घेतला त्यांनी. दोन कप.

कल्पिता : घेतला?

हाजरा : घेतला. मग बराच वेळ टोप मांडीवर घेऊन बसले. मी म्हटलं, आता काय झालं? तर म्हणाले, पण आता जायचं कसं?

बुधाजी : कुठं जायचं?

हाजरा : तुमच्याकडं. ते टोप न्यायला यायचं म्हणत होते रोज. दिवस झाल्यावर निघाले होते, मीच अडवलं. म्हटलं, वातावरण थंड होऊ दे. मग म्हणाले, गणपतीत जातो, आरतीला गर्दी असते, कोण कुणाकडं बघत न्हाय. कुणी विचारलं तर सांगीन, माझं भांडं न्यायला आलोय, हा काय व्यवहार न्हाय, देणं न्हाय, घेणं न्हाय. भांडं माझंच हाय. त्याच्यावर गावकी काय बोलेल? असं त्यांनी सगळं बसवून ठेवलं होतं. बुधा एकटा झालाय, म्हणायचे, दहा मिनिटं बसून येईन.

बुधाजी : मी वाट बघत होतो.

हाजरा : ते पण. मग टोप घरी आला. निमित्त गेलं.

कल्पिता : चाची, मला माफ करा.

हाजरा : तू साखर घातलीस. रिकामा आला असता तर ते त्या रात्री जेवले नसते. रडू नकोस. आवाज बाहेर जाईल. काय आणलंय?

बुधाजी : भात, वरन. फोडनी न्हाय.

हाजरा : आत दे, बेटी. माझ्या हातात दे. जड हाय. करपल्याचा वास येतोय.

कल्पिता : बाबांनी केला. मला हात लावू दिला नाही.

हाजरा : बुधाभाऊंनी? अल्ला. थांब, एक घास घेते. सकाळपासून पोटात काही न्हाय, पुढच्या बायका चहा चहा करतायत फक्त.

बुधाजी : कसा झालाय?

हाजरा : मीठ न्हाय ह्यात.

बुधाजी : न्हाय घातलं?

हाजरा : वरणातपण न्हाय. जन्म मिठागरावर गेला तुमचा, आणि मीठ विसरलात. हे असते तर गावभर सांगितलं असतं.

बुधाजी : सांगितलंच असतं.

हाजरा : गावभर कुठं. गिरणीत कोण येत होतं सांगायला.

बुधाजी : भाभी, खा तुम्ही. मीठ घालून खा.

हाजरा : असाच खाते. तांदूळ ओळखीचा हाय.

बुधाजी : गेल्या सालचा. कमरूनंच गिरनीत सडून दिलेला. शेवटचं पोतं. इरफानला कळवलं?

हाजरा : कळवलं. कुवेतहून उद्या निघेल, विमान मिळालं तर. बापाचं तोंड न्हाय बघायला मिळालं पोराला. बुधाभाऊ, तुम्हाला काय विचारू? कृष्णा गेली तेव्हा तुम्ही काय केलंत दिवसभर? मला तरी इद्दत हाय. बसायचं, कुठं जायचं न्हाय, लोक समजून घेतात. पुरुषाचं काय असतं?

बुधाजी : पुरुषाचं काय नसतं. बारा-तेरा झालं की दाढी कर, बाजारात जा म्हनतात. मी गेलो. भाजी घेतली. घरी आल्यावर कळलं, तिची आवडीची घेतली, मला आवडत न्हाय ती.

हाजरा : हं.

कल्पिता : बाबा, मोटारसायकल.

बुधाजी : कुठं?

कल्पिता : रस्त्याला. दोन आहेत. थांबल्या.

हाजरा : आमचीच पोरं असतील. कबरस्तानातनं परत आली. तुम्ही निघा आता. ती पण तापलेली हायेत. खांद्याला माणसं कमी पडली, म्हणून सकाळपासून बोलतायत. इथं पण ठरलंय, तुमच्यातलं कुणी आलं तर दारात उभं करायचं न्हाय. मी त्यांना काय सांगू? कुणी मागच्या दारानं आलं होतं म्हणून?

बुधाजी : उठ, पोरी. भाभी, आम्ही जातो.

हाजरा : थांबा. भांडं?

कल्पिता : दुसऱ्यात काढून घेता का? मी घेऊन जाते लगेच. त्यावर आईंचं नाव आहे. इथे कोणी बघितलं तर तुम्हालापण त्रास.

हाजरा : बोटाला लागलं नाव. अंधारात पण वाचता येईल असं घातलंय कासारानं. तिनं लग्नानंतर घेतलेलं पहिलं भांडं हे. म्हसळ्याच्या बाजारातनं. मी होते सोबत.

बुधाजी : व्हय. हेच.

हाजरा : मी हे परत पाठवणार न्हाय.

बुधाजी : न्हाय पाठवायचं.

हाजरा : पालथं घालून ठेवते. टोपाच्या शेजारी.

बुधाजी : ठेवा.

हाजरा : ह्यांचा चाळीसावा दिवस झाला की न्यायला या. मला यायला जमायचं न्हाय, आणि माझ्यातलं कुणी आणूनही देणार न्हाय. ज्यानं आणलं त्यानं न्यायचं.

बुधाजी : येईन. पोरं पारावरनं उठली की येईन, असाच वाडीतनं.

हाजरा : वाडीतनं न्हाय.

बुधाजी : भाभी, तुम्हाला म्हाईत हाय ना कसं हाय ते? माझ्याच्यानं...

हाजरा : म्हाईत हाय. मी पण भ्यालेय. पण ते डोक्यावर टोप घेऊन आले होते, तेव्हा ते पण भ्याले होते. घरनं निघताना चपला उलट्या घातल्या त्यांनी. मी सुलट करून दिल्या.

कल्पिता : बाबा, चला. कोणीतरी फाटक उघडतंय पुढे.

बुधाजी : जातो, भाभी.

हाजरा : हळू जा. पायरीला शेवाळ हाय. आणि बुधाभाऊ...

बुधाजी : काय?

हाजरा : कृष्णाचं भांडं हाय. पुढच्या दारानं या.